ओडबी, ब्लेबी, एंडर्बी... इंग्लंडमधल्या गावांच्या नावांना काही अर्थ असतो का?

ओडबीची_मावशी
लेस्टरजवळ राहायला आल्यापासून हा भुंगा डोक्यात आहे म्हणून इथे टाकते. आमच्याकडे कुठलाही रस्ता धरा, पाटीवर शेवटी बी. ओडबी, ब्लेबी, एंडर्बी, ग्रोबी, रॅटबी, बार्कबी आणि मेल्टनच्या बाजूला तर चक्क फ्रिस्बी नावाचं गाव. माझी नणंद ऑक्सफर्डजवळ असते, तिच्याकडे मला एकही बी दिसला नाही, तिथे सगळे टन, फर्ड नाहीतर ली. आता दोन्हीकडे इंग्रजच ना? आमच्या ह्यांचं म्हणणं की ही नावं म्हणजे नुसते आवाज आहेत, अर्थबिर्थ काही नाही. शेजारच्या आजोबांना विचारलं तर ते पण "असेल काहीतरी जुनं" म्हणून कुंड्यांना पाणी घालायला गेले. मला नाही पटत. कुणी उगीच कशाला एखाद्या गावाला ब्लेबी म्हणेल. तर अर्थ असतो का, आणि असला तर इकडे बी नि तिकडे टन असं का, जाणकारांनी सांगा प्लीज.

गोगलगाय_पोटात_पाय
बी पेरलं म्हणून उगवलं. बाकीचे प्रतिसाद वाचायला इथेच बसलोय.

कडीपत्ता
मावशी आधी उच्चार. ग्रोबी नाही हो, ग्रूबी. मी नवीन असताना बसमध्ये ग्रोबी म्हणाले तर ड्रायव्हर म्हणे ते कुठे आलं?

जुना_नकाशा
अर्थ असतो आणि बहुतेक वेळा अगदी रोकडा असतो. बी हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच, डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या लोकांचा. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ शेतवाडी, मग वस्ती, मग गाव. ८६५ साली डॅनिश लोकांची मोठी फौज इंग्लंडात उतरली, बरीच वर्षं मारामाऱ्या केल्या, आणि ८७७ मध्ये मर्शियाच्या राज्याचा (म्हणजे साधारण आत्ताच्या मिडलंड्सचा) पूर्वेकडचा तुकडा आपसात वाटून घेऊन तिथेच राहिले. लेस्टर, डर्बी, नॉटिंगहॅम, लिंकन, स्टॅमफर्ड ही त्यांची पाच ठाणी. डर्बीचं तर इंग्रजी नाव नॉर्थवर्दिग होतं ते पुसून यांचं नाव बसलं, हरणांचं गाव या अर्थाचं.

ओडबी म्हणजे आउदी नावाच्या कुणाची तरी वाडी. फ्रिस्बी म्हणजे फ्रिजियन लोकांची वस्ती, हॉलंडच्या किनाऱ्याकडचे लोक, खेळण्याच्या चकतीशी काही संबंध नाही. असंच थॉर्प, म्हणजे मूळ गावातून फुटून निघालेली छोटी वाडी. आणि लेक डिस्ट्रिक्टकडे गेलात तर थ्वेट, रान तोडून काढलेली जागा. मावशींचे मिस्टर आवाज म्हणतात तो आवाज हजार-अकराशे वर्षं टिकलाय एवढंच.

सॉफ्टवेअरचा_हमाल
थॉर्पवरून आठवलं, स्कन्थॉर्प. स्कूमा नावाच्या माणसाची वाडी. बिचाऱ्याचा काही दोष नाही, पण १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीच्या शिव्या गाळणाऱ्या फिल्टरने त्या गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नाही, कारण स्पेलिंगच्या पोटात एक भयंकर शब्द बसलाय. आमच्या धंद्यात अजूनही या प्रकाराला स्कन्थॉर्प प्रॉब्लेम म्हणतात.

नदीकाठची
आता नणंदेकडची बाजू मी सांगते. टन म्हणजे कुंपण घातलेलं शेतघर, त्यावरून गाव. हॅम म्हणजे घर, वस्ती. ली म्हणजे झाडीतली मोकळी जागा. फर्ड म्हणजे नदीचा उतार, ऑक्सफर्ड हा बैल पार न्यायचा उतार. विक म्हणजे एखाद्या खास कामाची वाडी, बरेचदा दुधदुभत्याची. लंडनमधलं चिझिक म्हणजे चीज करायची वाडी, आणि गॅटविक म्हणजे शेळ्यांची, तिथेच आज विमानं उतरतात.

मला सगळ्यात आवडतात ती कंटाळवाणी नावं. सटन, नॉर्टन, वेस्टन, ॲस्टन. दक्षिणेचं गाव, उत्तरेचं, पश्चिमेचं, पूर्वेचं. डझनावारी सापडतात. पण कशाच्या दक्षिणेचं? स्वतःच्या गावाला कुणी दक्षिणेचं म्हणत नाही, म्हणजे हे नाव दुसऱ्या कुणीतरी दिलंय, मधल्या मोठ्या वाड्यात बसून शेतसारा मोजणाऱ्याने. ज्यांच्यावर कारभार चालायचा त्यांना दिशा मिळाल्या.

आणि मावशी, चिझिक आणि उत्तरेतलं केझिक हे एकच नाव आहे बरं का. इंग्रज च म्हणायचे तिथे डॅनिश-नॉर्स जिभेला क सोपा. शिप्टन आणि स्किप्टन तसंच, दोन्ही मेंढ्यांची गावं.

शंकासुर
हे सगळं ऐकायला छान आहे पण मला एक सांगा, हा आउदी कोण? स्कूमा कोण? कुणी बघितला? मी एका पुस्तकात चाळलं होतं तर दर चौथ्या गावामागे असा एक पाटील उभा केलेला, ज्याचा उल्लेख जगात फक्त त्या गावाच्या नावातच सापडतो. नाव कळलं नाही की काढा एक माणूस. ग्रेट स्नोरिंगचं काय? घोरणाऱ्यांचं गाव म्हणा सरळ.

गोगलगाय_पोटात_पाय
नॉरफकमध्ये ग्रेट स्नोरिंग आणि लिटल स्नोरिंग दोन्ही आहेत. आणि गंमत म्हणजे लिटल मोठं आहे ग्रेटपेक्षा.

नदीकाठची
ग्रेट घोरणारे कमी झाले असतील.

जुना_नकाशा
@शंकासुर, स्नोरिंग म्हणजे स्नेअर नावाच्या माणसाची मंडळी. हो, परत एक पाटील. पण तुमचा मुद्दा अगदीच हवेतला नाही, यावर तज्ज्ञांतच भांडणं झालीत. मधलं इंग म्हणजे अमक्याची माणसं, जसं बर्मिंगहॅम हे बेओर्माच्या माणसांचं घर. आधी असं समजायचे की ही इंगवाली नावं म्हणजे सॅक्सन लोक (इंग्रजांचे पूर्वज) बोटीतून उतरल्या उतरल्या केलेल्या पहिल्या वस्त्या. १९६६ मध्ये जॉन डॉजसन यांनी नकाशावर ही नावं आणि सगळ्यात जुनी सॅक्सन दफनं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की दोन्ही जुळतच नाहीत, त्यामुळे ही नावं नंतरच्या पसरणीची असणार. तर विद्या आहे, फक्त अंदाजपंचे नाही. कुठलंही नाव उलगडायचं तर त्याचं सगळ्यात जुनं स्पेलिंग शोधायचं हा पहिला नियम, आणि १०८६ च्या डूम्सडे पाहणीत (राजाने करवलेली जमीनजुमल्याची मोजदाद) तेरा हजारांहून जास्त गावं नोंदलेली असल्यामुळे ते जमतं. आत्ताच्या स्पेलिंगवरून अर्थ लावायचा म्हणजे पत्रिका बघण्यासारखंच.

कडीपत्ता
मग अग्ली? एसेक्समध्ये अग्ली नावाचं गाव आहे, तिथल्या महिला मंडळाचं नाव अग्ली विमेन्स इन्स्टिट्यूट होणार ना 😂

जुना_नकाशा
उग्गा नावाच्या माणसाची ली. हर्टफर्डशरमध्ये नॅस्टी पण आहे. ते मूळ "पूर्वेच्या कुंपणापाशी" अशा अर्थाचं, आधीच्या "पाशी"वाल्या शब्दातला न पुढे चिकटला आणि ईस्टचा नॅस्ट झाला. ऑक्सफर्डजवळचं नोक तसंच, ओकच्या झाडापाशी. नणंदबाईंना माहीत असेल.

खानदेशी_तडका
म्हणजे सगळे पाटीलच, पाटलीण एकही नाही?

नदीकाठची
आहेत की! वुल्व्हरहॅम्प्टन. वुल्फरून नावाच्या मोठ्या घरच्या बाईला राजाने ९८५ साली तिथली जमीन लिहून दिली, तिच्या नावावरून. डॉर्सेटमधलं टोलपडल, तोला नावाच्या विधवेचं, तिने ते अबट्सबरीच्या मठाला देऊन टाकलं. हेच ते टोलपडल जिथल्या सहा शेतमजुरांना १८३४ मध्ये संघटना बांधली म्हणून शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला धाडलं. आणि एसेक्समधलं गुड ईस्टर, त्यातला गुड म्हणजे गॉडगिथ नावाची बाई आणि ईस्टर म्हणजे मेंढ्यांचा वाडा. सण-बिण काही नाही. शंकासुर, तोला आणि वुल्फरून कागदोपत्री सापडतात हं, फक्त गावाच्या नावात नाही.

शंकासुर
तीन सापडल्या म्हणून बाकीचे सगळे खरे होत नाहीत. पण चालू द्या. टोलपडलच्या शेजारचं पिडलट्रेंटहाइड घ्या आता.

जुना_नकाशा
घेतो. पिडल ही नदी (नावाचा आजचा अर्थ शू करणं, लहान मुलांना विचारा, मूळ अर्थ दलदल). ट्रेंट म्हणजे फ्रेंचमधले तीस. हाइड म्हणजे एका कुटुंबाला पुरेल एवढी जमीन, ढोबळ १२० एकर, सारा त्यावर ठरायचा. पिडल नदीवरची तीस हाइडांची जमीन. गावाचं नाव कसलं, सातबाराच आहे तो.

मिल्टनची_सून
आमच्याबद्दल पण सांगा कुणीतरी. मिल्टन कीन्स म्हटलं की लोकांना वाटतं १९६७ मध्ये सरकारने नवीन शहर काढलं तेव्हा मिल्टन कवी आणि कीन्स अर्थशास्त्री जोडून नाव ठेवलं. माझ्या सासऱ्यांनी हे मला इतक्या खात्रीने सांगितलंय ना.

जुना_नकाशा
सासऱ्यांना दुखवू नका, पण ते तिथलंच जुनं खेडं आहे. मधलं गाव म्हणून मिडलटन, डूम्सडेत तसंच आहे, पुढे घासून मिल्टन. कीन्स हे नॉर्मन (फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकलेले लोक) जहागीरदाराचं घराणं, त्यांचं मूळ गाव नॉर्मंडीतलं काहान्य. मिडलटनं इंग्लंडात ढिगाने, त्यामुळे ओळखायला मालकाचं आडनाव लावायची पद्धत पडली. मेल्टन मोब्रे, शेप्टन मॅलेट, ॲश्बी-द-ला-झूश सगळी त्यातली.

लेस्टरचा_ढोकळा
नॉर्मन लोकांवरून आमच्या बेलग्रेव्हची गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांनी लेस्टर पाहिलंय त्यांना बेलग्रेव्ह रोड माहीत आहे, सोन्याची दुकानं, फरसाण, दिवाळीचे दिवे, गोल्डन माइल. तर डूम्सडेमध्ये याचं नाव आहे मर्डेग्रेव्ह. मूळ इंग्रजीत त्याचा अर्थ साधा, मार्टन नावाचा मुंगसासारखा प्राणी असतो त्याची राई. पण नॉर्मन साहेबांच्या फ्रेंच कानाला मर्ड म्हणजे थेट विष्ठा! मग काय, दाबून बेल केलं, बेल म्हणजे सुंदर. जिथे आता आपण जिलेबी खातो त्या जागेचं नाव साहेबाला उच्चारवेना म्हणून बदललंय. लंडनचं ते श्रीमंत बेलग्रेव्हिया पण यावरूनच.

नदीकाठची
बेलग्रेव्हिया यावरून नाही. ती जमीन ग्रोव्हनर घराण्याची, त्यांच्या चेशरमधल्या इस्टेटीजवळ बेलग्रेव्ह नावाचं दुसरं खेडं आहे, त्यावरून. मर्डेग्रेव्हची गोष्ट मात्र खरी आणि फारच आवडली.

खानदेशी_तडका
आज संध्याकाळी आईला फोन करून सांगणार की मावशी विष्ठेच्या राईत दागिने घेतात.

डाक_घेऊन_आलोय
मी नॉटिंगहॅम-ग्रँथम पट्ट्यात डिलिव्हरी करतो. फ्रेंचांनी नावं सुंदर केली आणि इंग्रजांनी उच्चारात त्याचा बदला घेतला. बेल्व्हॉयर असं लिहिलेलं आहे, फ्रेंचमध्ये सुंदर देखावा, म्हणायचं काय तर बीव्हर. टाउसेस्टरला टोस्टर म्हणायचं. नॉरफकमधला एक मित्र सांगतो तिकडे विमंडहॅमला विंडम आणि हॅपिसबर्गला हेझबरा. सुरुवातीला मी फोनवर बेल्व्हॉयर कॅसलचा रस्ता विचारायचो तर पलीकडची बाई शांतपणे म्हणायची, यू मीन बीव्हर लव्ह. पार्सलवर स्पेलिंग, तोंडात दुसरंच, आणि सॅटनॅव्हची बाई तिसरंच बोलते. मी आता पोस्टकोड सोडून काही विचारत नाही कुणाला.

गोगलगाय_पोटात_पाय
ह्यावर बेस्ट म्हणजे टॉर्पेनहाउ हिल! टॉर म्हणजे टेकडी, पेन म्हणजे टेकडी, हाउ म्हणजे टेकडी आणि हिल म्हणजे टेकडी. टेकडीटेकडीटेकडी टेकडी. प्रत्येक नवीन आलेल्याला आधीचं कळलं नाही.

जुना_नकाशा
हा मेसेज फिरून फिरून झिजलाय. कंब्रियात टॉर्पेनहाउ गाव आहे (म्हणतात ट्रपेना), पण टॉर्पेनहाउ हिल नावाची टेकडी नकाशावर नाहीच, गोष्टीसाठी शेवटची टेकडी बाहेरून आणलीय. खरं उदाहरण हवं तर वुस्टरशरमधली ब्रेडन हिल. ब्रे हा जुन्या ब्रिटिश म्हणजे वेल्शच्या पूर्वज भाषेतला टेकडीचा शब्द, डन सॅक्सनांचा, हिल आत्ताचा. तीन पुरेत की. आणि त्याच जुन्या भाषेत एव्हन म्हणजे नदी, म्हणून एव्हन नदी म्हणजे नदी नदी.

पायवाट
बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. वर शंकासुर म्हणाले माणसं काढतात, पण माणसांच्या नावांपेक्षा मला जमिनीची नावं जास्त पटतात, कारण ती जाऊन तपासता येतात. मार्गारेट गेलिंग नावाच्या संशोधक होत्या, त्यांनी आणि ॲन कोल यांनी हेच केलं, नावं घेऊन प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघितलं. त्यांचं म्हणणं की आपण आज व्हॅली म्हणून मोकळे होतो तिथे सॅक्सन शेतकऱ्याकडे वेगवेगळे शब्द होते आणि ते अदलाबदल करून वापरत नसत. डेन म्हणजे लांबट दरी. कूम म्हणजे आखूड, रुंद, तीन बाजूंनी वेढलेली. डन म्हणजे वर सपाटी असलेली, गाव वसवता येईल अशी टेकडी. आणि हो (हू, हाउ, काही लिहा) म्हणजे टाच.

ही टाच मी आयव्हिंगहो बीकनला पाहिली. बकिंगहॅमशरमध्ये आहे, चिल्टर्न टेकड्यांच्या टोकाला. खालच्या गावातून वर बघितलं की डोंगर आधी सपाट येतो, मग टोकाशी किंचित फुगतो आणि एकदम आत वळून खाली उतरतो. पालथं झोपलेल्या माणसाचा पाय बाजूने बघा, तस्साच. पाऊस भुरभुरत होता, वरचा खडूचा पांढरा रस्ता निसरडा झालेला, मेंढ्या आडोशाला, आणि मी खाली उभी राहून स्वतःशीच टाच टाच म्हणत होते. आयव्हिंगहो, म्हणजे इफाच्या माणसांची टाच. इफा होता का नव्हता मला माहीत नाही, टाच आहे. पाट्या नसताना वाटसरूला सांगायला याहून चांगलं काय असणार, लांबट दरीने जा, टाच दिसली की डावीकडे.

शंकासुर
हे मात्र पटलं. जमीन खोटं बोलत नाही. पण मग मावशींच्या मूळ प्रश्नावर माझी एक काडी. डॅनिश इकडे आणि इंग्रज तिकडे अशी सीमा होती म्हणता ना, मग रग्बीचं काय? ते वॉरिकशरमध्ये आहे, म्हणजे पलीकडे, आणि शेवटी बी!

जुना_नकाशा
याचीच वाट बघत होतो. सीमा म्हणजे वॉटलिंग स्ट्रीट, रोमन रस्ता, आजचा ए फाइव्ह. आल्फ्रेड राजा आणि डॅनिश राजा गुथ्रम यांच्या तहात हद्द या रस्त्यापर्यंत आणून सोडलीय, पुढे ती रस्त्यानेच गेली असं मानतात, आणि आजही लेस्टरशर-वॉरिकशरची हद्द बराच लांब त्यावरूनच जाते. आणि रग्बी डूम्सडेमध्ये रोशबेरी आहे. बेरी, म्हणजे बरी, इंग्रजी तटबंदी. शेवटचा बी शेजारच्या डॅनिश नावांच्या वळणाने मागाहून चिकटला. आधी बी नव्हताच.

पायवाट
पण भिंत नव्हती ती. बार्बी आणि किल्सबी ही दोन्ही रस्त्याच्या पलीकडे आहेत, अगदी जवळ, नॉर्थॅम्प्टनशरमध्ये. आणि लिव्हरपूलच्या बाजूलाही बी आहेत, फॉर्मबी, वेस्ट कर्बी, अर्बी. तिथले नॉर्स आयर्लंडकडून समुद्रातून आले, त्यांचा या फौजेशी संबंध नाही. अर्बी म्हणजे आयरिश लोकांची वाडीच. तरी मावशी, ए फाइव्ह ओलांडून नणंदेकडे जाताना पाट्या मोजत जा, फरक दिसेल.

मिल्टनची_सून
सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले इंटरनेटवर काहीही लिहितात.

ओडबीची_मावशी
केवढं मिळालं एका प्रश्नावर! ह्यांना वाचून दाखवलं, मर्डेग्रेव्हला मोठ्याने हसले आणि आता म्हणतायत की अर्थ असतो हे त्यांना आधीपासून माहीत होतं. आता एक उपप्रश्न. आमच्या शेजारी विग्स्टन मॅग्ना आहे आणि नकाशावर दूर कुठेतरी विग्स्टन पार्वा. हे लॅटिनमधलं मोठं आणि लहान ना? म्हणजे आपलं बुद्रुक आणि खुर्दच की. आपल्याकडे कारभाराची फारसी, यांच्याकडे पाद्री-कारकुनांची लॅटिन.

जुना_नकाशा
मॅग्ना-पार्वाला बुद्रुक-खुर्द बरोब्बर आहे, पण नेमकं विग्स्टनला ते लागू नाही. बुद्रुक-खुर्द सहसा एकाच गावाचे दोन भाग असतात. विग्स्टन मॅग्ना म्हणजे विकिंग नावाच्या माणसाचं टन, म्हणजे डॅनिश माणूस आणि इंग्रजी शेपूट, तुमच्या थर्मस्टनसारखं (थॉर्मोडचं टन). विग्स्टन पार्वामधला शेवटचा भाग टन नाहीच, स्टोन आहे, दगड. दोन वेगळी नावं घासून घासून सारखी झाली आणि मग कुणा कारकुनाने गोंधळ नको म्हणून एकाला मोठं नि एकाला धाकटं केलं. नातं काहीच नाही. आणि पार्वा ए फाइव्हला अगदी खेटून आहे.

शंकासुर
विकिंग. आला परत पाटील.